बियाला उजेड कशाला हवा?

भांगेचं बी मातीत रुजायला उजेड लागतो का? या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: नाही. ओल, ऊब आणि हवा मिळाली की ते काळोखात रुजतं. उघड्यावर पडलं आणि ओल टिकली, तर उजेडातही रुजतं. पण हे उत्तर देऊन थांबलो तर सगळं महत्त्वाचं सांगायचं राहून जाईल. कारण अशीही पुष्कळ बियाणी आहेत जी उजेड दिसल्याशिवाय रुजतच नाहीत, आणि त्यांचं कोडं सोडवताना विज्ञानाला वनस्पतींची एक प्रकारची नजरच सापडली.

आधी भांगेबद्दल. ज्याला आपण भांगेचं बी म्हणतो ते खरं तर टणक कवचाचं छोटं फळ असतं, तीन ते पाच मिलिमीटरचं. आत वाकलेला गर्भ आणि दोन जाड दलं असतात. वजनातला साधारण तिसरा हिस्सा तेल आणि चौथा हिस्सा प्रथिनं. कुमाऊं-गढवालमध्ये या भाजलेल्या बियांची चटणी रोजच्या जेवणात असते, ती या तेलामुळेच खमंग लागते. तेच तेल कोंबाचीही शिदोरी असतं. बियात पाणी शिरलं की कवच फुगून उकलतं, श्वसन वेगाने सुरू होतं, विकरं तेलाचं साखरेत रूपांतर करू लागतात आणि पहिलं मूळ खाली उतरतं. या सगळ्या कामाला सूर्यकिरणाची गरज कुठेच पडत नाही, कारण अन्न तयार करण्याचं काम अजून सुरूच झालेलं नसतं. आईझाडाने बांधून दिलेलं अन्न फक्त वापरलं जात असतं.

याचा सगळ्यात सोपा पुरावा शेतात आहे. धाग्यासाठी आणि तेलासाठी हेम्प, म्हणजे भांगेच्याच झाडाचे वाण, पिकवणारे शेतकरी हे बी दोन ते तीन सेंटिमीटर खोल पेरतात. मातीत उजेड किती खोल जातो? साध्या मातीत चार-पाच मिलिमीटरच्या खाली बियाला जाणवेल इतका उजेड उरत नाही. म्हणजे शेतातलं हेम्पचं बी पूर्ण काळोखात रुजतं आणि एका आठवड्याच्या आसपास शेत हिरवं दिसू लागतं. उजेड हवाच असता, तर ही पेरणी फुकट गेली असती.

मग घरात कुंडीवर दिवा लावला की बी लवकर उगवतं, हा समज आला कुठून? त्यात थोडं तथ्य आहे, पण श्रेय चुकीच्या गोष्टीला दिलं जातं. दिव्यातून उजेडाबरोबर ऊबही येते. थंड देशांत हिवाळ्यात खोलीतली माती पंधरा अंशांवर असेल तर बहुतेक बियाणी रेंगाळतात. तीच माती वीस-पंचवीस अंशांवर गेली की झपाट्याने मोड येतात. इथे काम केलं उबेने. दिव्याचा तोटाही आहे: वरचा थर सुकतो, आणि अर्धवट भिजून फुगलेलं बी त्या अवस्थेत सुकलं तर मरतं. भिजण्याआधी बी वर्षानुवर्षं कोरडं राहू शकतं. एकदा मूळ हलायला लागलं की मागे फिरता येत नाही. म्हणून रुजवणीच्या दिवसांत दिव्यापेक्षा ओल सांभाळणं कितीतरी महत्त्वाचं. आणि ओल म्हणजे चिखल नव्हे. पाण्याने गच्च भरलेल्या मातीत हवा उरत नाही, बी श्वास घेऊ शकत नाही आणि कुजतं.

भारतात हे झाड कुंडीत लावणं हा मात्र गुन्हा आहे, हे इथे स्पष्ट लिहायला हवं. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने, म्हणजे एनडीपीएस कायद्याने, परवान्याशिवाय भांगेच्या झाडाची लागवड करायला बंदी घातली आहे आणि त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. गंमत अशी, की त्याच कायद्यातली गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांपुरती आहे. शेंड्यांसोबत नसलेली बियाणी आणि पानं त्यातून वगळलेली आहेत. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हेम्पचं बी, तेल आणि पीठ यांना अन्नपदार्थ म्हणून मान्यताही दिली. उत्तराखंडात नशेचं द्रव्य 0.3 टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या हेम्पची परवान्याने शेती होते. परदेशात नियम वेगळे आहेत. जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून प्रौढ माणसाला स्वतःपुरती तीन झाडं घरी लावता येतात, कॅनडात 2018 पासून बहुतेक ठिकाणी घरटी चार. तिकडच्या मराठी माणसाला कुंडीचा प्रश्न पडू शकतो. इथल्या वाचकासाठी हा प्रश्न फक्त ज्ञानाचा.

आणि ज्ञान म्हणून तो फार मोलाचा आहे, कारण उजेड आणि वनस्पती यांच्या नात्याचा शोध ज्या थोड्या झाडांनी घडवला त्यांत हेम्पचं नाव आहे. पॅरिसमध्ये ज्युलियन तुर्नुआ नावाचा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ हेम्प आणि हॉप्स या एकाच कुळातल्या दोन झाडांवर काम करत होता. हिवाळ्यात काचघरात पेरलेलं हेम्प अगदी लहान असतानाच फुलतं, हे त्याने पाहिलं. दिवस लहान असले की हे होतं, आणि दिवसाच्या लहान असण्यापेक्षा रात्रीच्या मोठ्या असण्याला अधिक महत्त्व असावं, इथवर तो 1914 पर्यंत पोचला होता. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं आणि तो रणांगणावर मारला गेला. पुढे 1920 मध्ये गार्नर आणि अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या एका जातीवर हाच विषय तडीस नेला, आणि झाडं दिवसाची लांबी मोजतात हे जगाने मान्य केलं. तुर्नुआचं नाव मात्र पाठ्यपुस्तकांच्या तळटिपांत राहिलं. मला हे फार लागतं. आणखी पाच-सात वर्षं मिळाली असती, तर हा शोध त्याच्याच नावावर असता.

म्हणजे भांगेचं झाड मोठं झाल्यावर उजेडाबाबत इतकं काटेकोर असतं, की रात्री काही मिनिटं लावलेला दिवासुद्धा त्याचं फुलणं लांबवू शकतो. तेच झाड बी असताना उजेडाकडे लक्षही देत नाही. असं का, हे समजायला उजेड मागणाऱ्या बियाण्यांकडे जावं लागतं.

निपाणी भागात तंबाखूचं रोप टाकताना पाहा. तंबाखूचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये 10,000 हून जास्त बिया मावतात. भांगेच्या बिया एका ग्रॅमला पन्नास-साठच भरतात. तंबाखूचं बी वाळूत किंवा राखेत मिसळून वाफ्यावर फेकतात, मातीत गाडत नाहीत. कुणी गाडलं तर वाफा रिकामा राहतो. शेतकऱ्याने हे अनुभवाने ओळखलं होतं. लेट्यूस, सेलरी, पेटुनिया, बिगोनिया, कुंपणाकडेला आपोआप उगवणारी घोळ, या सगळ्यांची गोष्ट तीच. वडा-पिंपळाची कणभर बीही उजेडात रुजते, म्हणून पक्ष्याच्या विष्ठेतून भिंतीच्या फटीत पडलेली बी पिंपळ होऊन बसते आणि मातीखाली पुरलेली वर येत नाही. उलट कांद्याचं बी नाशिककडे ओळीत टाकून त्यावर माती आणि शेणखत लोटतात. मटकी फडक्यात बांधली की काळोखात मोड येतातच. आणि फॅसिलियासारख्या काही बियांना तर उजेड नकोसाच असतो. त्या झाकल्या तरच नीट रुजतात.

आकाराकडे पाहिलं की अर्थ उलगडायला लागतो. हरभऱ्याच्या किंवा भांगेच्या बियात दोन-तीन सेंटिमीटर मातीतून डोकं वर काढता येईल इतकं अन्न असतं. तंबाखूच्या बियात नसतं. ते एक सेंटिमीटर खाली रुजलं तर पृष्ठभाग गाठण्याआधीच संपून जाईल. म्हणून रुजण्याआधी त्याला एका गोष्टीची खात्री हवी असते: मी वरच आहे ना? याचं उत्तर उजेड देतो. उजेड इथे अन्न म्हणून येत नाही. तो माहिती म्हणून येतो. किती थोडा उजेड पुरतो हे पाहिलं की याबद्दल शंका उरत नाही: भिजलेल्या लेट्यूसच्या बियांना एक मिनिटभर लाल उजेड दाखवून पुन्हा काळोखात ठेवलं तरी त्या रुजतात. एका मिनिटात कुठलं अन्न बनणार?

हा लाल उजेडच सगळ्या गोष्टीचा गाभा ठरला. 1930 च्या दशकात फ्लिंट आणि मॅकअलिस्टर या संशोधकांना आढळलं की लाल उजेडाने लेट्यूसचं बी रुजतं, आणि लालच्याही पलीकडच्या, आपल्या डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या अतिलाल उजेडाने रुजणं थांबतं. निरीक्षण पडून राहिलं. मग मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या सरकारी कृषी संशोधन केंद्रात हॅरी बोर्थविक हा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि स्टर्लिंग हेंड्रिक्स हा रसायनतज्ज्ञ एकत्र आले. सोबत मॅरियन पार्कर आणि बियांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेलं एबेन आणि व्हिव्हियन टूल हे दांपत्य. प्रखर दिव्याचा उजेड काचेच्या लोलकांमधून फाकवून त्यांनी मोठा वर्णपट तयार केला आणि त्याच्या वेगवेगळ्या पट्ट्यांत बी ठेवलं.

1952 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग वाचताना आजही थक्क व्हायला होतं. लाल उजेड दाखवला: शंभरातल्या सत्तरएक बिया रुजल्या. लाल दाखवून लगेच अतिलाल दाखवला: सहाच्या आसपास. लाल, अतिलाल आणि पुन्हा लाल: परत सत्तरच्या वर. असं कितीही वेळा आलटूनपालटून केलं, तरी निकाल एकाच गोष्टीवर ठरला: शेवटी कोणता उजेड दिसला. म्हणजे बियाच्या आत असं काहीतरी आहे जे लाल उजेडाने एका रूपात जातं, अतिलालने दुसऱ्या, आणि हे बदल पुनःपुन्हा होऊ शकतात. त्या द्रव्याचा हिशेब त्यांनी ते डोळ्याने पाहण्याआधीच मांडला. 1959 मध्ये काळोखात वाढवलेल्या मक्याच्या कोंबांत ते द्रव्य प्रत्यक्ष मोजलं गेलं, आणि त्याला फायटोक्रोम हे नाव मिळालं. ते 660 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल उजेड आणि 730 च्या आसपासचा अतिलाल उजेड वेगळा ओळखतं.

बियाला हे दोन रंग ओळखण्याची गरज काय? निसर्गात त्याचं उत्तर डोक्यावर असतं. झाडाच्या पानातलं हरितद्रव्य लाल उजेड खाऊन टाकतं, अतिलाल मात्र पानातून आरपार जातो. उघड्या माळावर दोन्ही उजेड जवळपास सारखे पोचतात. दाट पानोळ्याखाली अतिलालच जास्त उरतो. त्यामुळे लेट्यूसचं बी नुसतं ‘उजेड आहे की नाही’ एवढंच ओळखत नाही. ‘माझ्यावर दुसऱ्या कुणाची सावली आहे का’ हेही ते ओळखतं. सावलीत रुजून मोठ्या झाडाशी स्पर्धा करण्यापेक्षा ते वाट पाहतं. वरचं झाड पडलं, गवत कापलं गेलं, की लाल उजेड पोचतो आणि ते उठतं. फायटोक्रोम जागं झालं की बियात जिबरेलिन हे रुजवणारं संप्रेरक वाढतं आणि झोप टिकवणारं ॲब्सिसिक आम्ल कमी होतं. बाहेरून जिबरेलिन दिलं तर लेट्यूसचं बी काळोखातही रुजतं.

शेतकऱ्याचा याच्याशी रोजचा संबंध आहे. नांगरट झाली, पाऊस पडला की शेत तणाने का भरतं? जमिनीत वर्षानुवर्षं तणाची बियाणी पडून असतात. नांगराचा फाळ त्यांना उलथतो, क्षणभर ऊन दिसतं, आणि पुन्हा ती मातीखाली जातात. तेवढा क्षण पुरतो. अर्जेंटिनातल्या शास्त्रज्ञांनी धोत्र्याच्या एका नातेवाईक तणावर काम करून 1991 मध्ये दाखवलं की काही महिने मातीत राहिल्यावर हे बी उजेडाला विलक्षण संवेदनशील होतं. डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळ ऊन दिसलं तरी त्याला पुरतं. जर्मनीत कार्ल हार्टमान यांनी त्याच सुमारास रात्री नांगरून पाहिलं आणि तण खूप कमी आलं. पुढे इतर ठिकाणी हा उपाय कुठे लागू पडला, कुठे नाही, कारण सगळ्याच तणांना उजेड लागत नाही. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर तण उगवू द्यायचं आणि वापसा आला की कुळवाची पाळी देऊन ते मोडायचं, ही जुनी पद्धत याच ज्ञानावर उभी आहे. शास्त्र नंतर आलं. पाळी उथळ द्यायची, हे सांगणारा शेतकरीही बरोबर होता: खोल गेलात तर खालची नवी बियाणी उजेडात आणाल.

बी काळोखात किती काळ वाट पाहू शकतं, याची कसोटी अजून चालू आहे. 1879 मध्ये मिशिगनच्या कृषी महाविद्यालयात विल्यम जेम्स बील यांनी वीस बाटल्यांत ओलसर वाळूत तणांच्या एकवीस जातींचं प्रत्येकी पन्नास बी भरून त्या बाटल्या जमिनीत पुरल्या. ठरावीक काळाने एकेक बाटली काढायची आणि बी पेरून पाहायचं. ही बाटली रात्रीच काढतात, म्हणजे उरलेल्या बाटल्यांना ऊन लागू नये. 2021 मध्ये पहाटेच्या काळोखात, हिरव्या दिव्याच्या उजेडात, फ्रँक टेलेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाटली काढली, आणि 142 वर्षांनी व्हर्बॅस्कम नावाच्या तणाच्या काही बिया रुजल्या. पुढची बाटली 2040 मध्ये निघेल.

आता भांगेकडे परत. तिच्या बियाला पुरेशी शिदोरी आहे, खोलीची धास्ती नाही, म्हणून रुजताना ती उजेडाची वाट पाहत नाही. पण कोंब मातीबाहेर आला की गोष्ट एका क्षणात बदलते. काळोखात वाढणारा कोंब वाकलेला असतो, दलं मिटलेली, रंग फिकट, आणि सगळी ताकद उंची वाढवण्याकडे लागलेली. हे रूप मराठी घरात वर्षातून एकदा दिसतं: घटस्थापनेला देवघरात मातीत पेरलेलं धान्य नवव्या दिवशी उंच, पिवळसर आणि नाजूक झालेलं असतं. देवघराच्या मंद उजेडातलं ते पीक सुंदर दिसतं, पण त्याची अंगची शिदोरी संपत आलेली असते. उजेड दिसला की तेच फायटोक्रोम कोंबाला ताठ करतं, दलं उघडतं, हिरवेपणा आणतं आणि उंचीची धाव थांबवतं. त्या क्षणापासून उजेड हे अन्नही होतं आणि माहितीही.

घरात रोपं करणाऱ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. बी रुजेपर्यंत ट्रे झाकून ठेवतात, ते योग्यच. पण कोंब वर येऊनही दोन-तीन दिवस ट्रे कोपऱ्यात राहतो. टोमॅटो असो, मिरची असो, झेंडू असो, रोपं लांब दोऱ्यासारखी होतात आणि पाणी घातलं की लोळतात. अशा रोपाला नंतर कितीही ऊन दाखवलं तरी लांबलेलं खोड आखडत नाही. म्हणून पहिला वाकडा कोंब दिसला त्याच दिवशी ट्रे खिडकीत न्यावा. सगळे कोंब येण्याची वाट पाहू नये.

बी किती खोल टाकावं याबद्दल बागकामातला जुना अंदाज आजही चालतो: बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट. जे बी चिमटीत धरवत नाही इतकं बारीक असेल, ते मातीवर पसरून हाताने नुसतं दाबावं आणि पाणी फवाऱ्याने द्यावं. तुळस, लेट्यूस, पेटुनिया यांना याच पद्धतीने लावावं. पाकिटावर ‘बी झाकू नये’ असं लिहिलेलं असेल तर ते मन लावून पाळावं.

शाळेत आपण शिकलो की बी रुजायला पाणी, हवा आणि ऊब लागते. ते बरोबर आहे, पण अपुरं. शिक्षकांनी आणि पालकांनी मुलांना एक सोपा प्रयोग करू द्यावा. दोन वाट्यांत ओला कापूस घ्या, दोन्हीत लेट्यूसचं बी पसरा, एक वाटी उजेडात ठेवा आणि दुसरी काळ्या कापडाने पूर्ण झाकून कपाटात. तसंच मटकीचं करा. झाकलेली वाटी रोज उघडून पाहायचा मोह मुलांना होईल. तो होऊ देऊ नका, कारण त्या उघडण्यातच बी उजेड पाहतं आणि प्रयोग संपतो. काही जातींच्या लेट्यूसचं बी आता काळोखातही रुजेल असं निवडलेलं असतं. दोन्ही वाट्या सारख्याच उगवल्या, तर दुसऱ्या जातीचं पाकीट आणून प्रयोग पुन्हा करा.